दाराकडे तोंड करून

मी शिकलेला माणूस नाही. शाळा अर्ध्यात सुटली, पलटणीत भरती झालो, हवालदार होऊन बाहेर पडलो आणि मग हिंगण्याला एका कंपनीच्या गेटवर उभा राहिलो. सगळा जन्म पहाऱ्यात गेला. योग, ध्यान असलं काही ऐकलं की मी उठून जायचो. रिकाम्या लोकांचे धंदे, असं तोंडावर बोलायचो. आज त्याबद्दलच लिहायला बसलो, कारण विहारातल्या ताई म्हणाल्या, काका, जसं झालं तसं लिहा, कोणाच्या तरी कामी पडेल.

पहाडावरच्या ड्यूटीत जे पाहिलं ते माझ्यासोबत घरी आलं. कुठं शटर आदळलं तरी अंग आखडायचं. झोपेतून ताडकन उठून बसायचो, घामानं भिजलेला. बायको दाराच्या बाजूनं झोपायची. ती पाठीवर हात ठेवून म्हणायची, "मी आहो नं जागी. झोपा तुम्ही." आणि मी झोपायचो. तिला मी जन्मभर कोणती ड्यूटी लावली होती हे ती गेल्यावर समजलं. पोटाच्या आजारानं गेली. मुलगी पुण्याहून आली, चला माझ्याकडे म्हणाली, मी गेलो नाही. मग घरात मी राहिलो आणि ते दार राहिलं. झोप उडाली. खुर्ची टाकून दाराकडे पाहत बसायचो. कोणी येणार नव्हतं, तरी पाहायचो.

एका सकाळी ठरवलं, आता जगायचं नाही. बाकीचं सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. रडलो नाही. उलट हलकं वाटलं, आणि भ्यायचं तेव्हाच असतं हे आता कळतं. तिच्या मोगऱ्याच्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. "काहून देऊन राहिले जी? गावाले चालले का?" तिनं विचारलं. पाणी घालणं होत नाही म्हणालो. मग राहिली एक मूर्ती. बुद्धाची, पितळेची, हातात मावेल एवढी. बायको रोज पुसायची. रिकाम्या घरात मूर्ती धुळीत पडू नये म्हणून तिच्याच पांढऱ्या लुगड्यात गुंडाळली आणि नंदनवनातल्या विहारात ठेवून यायला निघालो. तेवढंच काम उरलं होतं.

विहाराच्या बाहेर जोडे काढले. दारात पांढऱ्या मिशांचा एक दांडगा माणूस उभा होता. त्यानं आधी माझे जोडे पाहिले. मी ते टाचा भिंतीला आणि तोंड बाहेर असे लावले होते. निघायची वेळ आली तर पाय सरळ आत जावे, ही आमची जुनी खोड.

"कुठली पलटण?" त्यानं विचारलं. मी सांगितली.

"मंग या इकडं. माणूस कमी पडून राहिला."

आत आमच्यासारखेच निवृत्त फौजी सतरंजीवर बसले होते. ताई त्यांच्याकडून थोडी आसनं करून घ्यायच्या, मग श्वासावर ध्यान. अडचण एकच होती. पाठीमागे दार उघडं असताना कोणी डोळे मिटायला तयार नसायचं. ते आमच्या हाडात बसत नाही. म्हणून या फौजींनीच रीत पाडली होती, की रोज एकानं ध्यान करायचं नाही, दाराकडे तोंड करून पहारा द्यायचा. त्या दिवशी ज्याची पाळी होती तो आलाच नव्हता.

"मले वेळ नाही," मी म्हणालो.

"कुठं जाऊन राहिले?"

मी मूर्ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मंग बसा नं. सारे घुबडावानी टकटक पाहून राहिले."

पहारा म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही. दाराशी बसलो, मूर्ती मांडीवर. माझ्या भरवशावर एकेकानं डोळे मिटले. मला ओळखत नव्हते, तरी मिटले. ताई हळू आवाजात म्हणत होत्या, श्वास येतो आहे, येऊ द्या, जातो आहे, जाऊ द्या, ओढू नका. मी मधूनच वळून त्यांचे खांदे पाहत होतो, वर, खाली. माझा श्वास त्यांच्या मागे कधी लागला, कळलं नाही. लुगड्याचा पदर सुटला होता आणि मूर्तीचे डोळे दिसले. अर्धे मिटलेले, अर्धे उघडे. इतकी वर्षं घरात होती, मी कधी नीट पाहिली नव्हती. मनात आलं, हाही पहाऱ्यावरच बसला आहे. आणि पहाऱ्याला नियम असतो, बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तिथं मला रडू फुटलं. तरी दारावरची नजर मी काढली नाही.

सगळे उठल्यावर ताई समोर येऊन बसल्या. त्यांचा नवरा फौजीच होता, आणि त्यानं आपला जीव आपणच दिला होता, हे मला पुढं कळलं. त्यांनी लुगड्यातली मूर्ती पाहिली आणि सरळ विचारलं, "काका, मरायचं मनात हाये का?" असं तोंडावर कोणी विचारत नाही. मी हो म्हणालो. त्या घाबरल्या नाहीत की उपदेश केला नाही. मुलीला फोन लावला. मिशावाला माझ्यासोबत घरी आला आणि मुलगी येईपर्यंत राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. गोळ्या अजून चालू आहेत. नुसत्या ध्यानानं झालं असं मी कोणाला सांगणार नाही. मूर्ती मात्र ताईंनी ठेवून घेतली नाही. "रोज आणा अन् रोज घरी न्या," म्हणाल्या. मला कसं बांधून घेतलं हे तेव्हा समजलं नाही.

ज्याची पाळी चुकली होती तो नंतर भेटला. सक्करदऱ्याजवळ त्याची गाडी पंक्चर झाली होती. "रस्त्यात उभा राहून त्या खिळ्याले शिव्या देऊन राहिलो होतो गा," म्हणाला. आमच्यात चमत्कार मानत नाहीत, मीही मानत नाही. पण त्या खिळ्याला मी मनातून हात जोडतो.

परवा एक नवा माणूस आला. बसेना, डोळे मिटेना, सारखा मागे पाहायचा. मी उठलो आणि त्याला माझ्या जागेवर दाराशी बसवलं. पाळी कोणाचीही असो, दाराशी मीच बसत आलो होतो; इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दाराकडे पाठ केली. मानेवर काटा आला. तो मागून म्हणाला, "मी आहो नं जागा. मिटा डोळे."

मिटले. मी घोरलो, असं मिशावाला सगळ्यांना सांगत फिरतो. घोरलो असेन. जन्मभर वाटायचं, जागं राहणं हेच माणसाचं काम. आपण सोडलं तरी कोणीतरी जागं असतं, हे मला बायकोनं सांगून ठेवलं होतं. ऐकायला इतकं वय लागलं. तिचे उपकार, आणि त्या सगळ्या म्हाताऱ्यांचे.

घरी येऊन मूर्ती पुसली. तिच्या जागेवर ठेवली, दाराकडे तोंड करून. आणि मी भिंतीकडे कूस वळवून झोपलो.