आप्पांचं हसू

रेश्मा सांगलीत तवनाप्पांना सांभाळायची. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या ऐंशीच्या आप्पांना तिनं तीन वर्षं भरवलं, न्हाऊ घातलं. कुपवाडला घरी तिची जाऊ म्हणायची, "मुताचं भांडं उचलायचं काम, त्यात कसला आलाय मान?"

सिद्धनाथाच्या रथयात्रेसाठी ती आठ दिवस माहेरी म्हसवडला गेली, तेव्हा बदली म्हणून लीलाबाई आल्या. परतल्यावर रेश्मा दारात चपला काढत होती, तोच आतून आप्पांचं हसणं ऐकू आलं. तीन वर्षांत तिनं ते कधी ऐकलं नव्हतं.

"ऊटा आयता, अप्पाजी?" जेवण झालं का, असं लीलाबाई कानडीत विचारत होत्या. आप्पा वाकड्या तोंडानं कानडीतच काहीतरी पुटपुटले.

"लहानपणी आजोळी कानडीच बोलायचे म्हणे," आप्पांची सून कीर्ती कौतुकानं म्हणाली. "आता वाटीभर पेज संपवतात. लीलाबाईंना अजून चार दिवस राहू दे."

रेश्माचा जळफळाट झाला. तीन वर्षं राबले मी आणि हसू हिच्या वाट्याला? मग तिचं तिलाच नवल वाटलं. मुताच्या भांड्यासाठी कुणी इतकं जळतं का?

दुपारी कपडे बदलताना तिला आप्पांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला तरी लाली जाईना. त्यांची कूस वेळेवर बदलली नव्हती. रेश्माला आधी आनंदच झाला. कीर्तीला सांगायला ती दारापर्यंत गेली. मागं आप्पा कण्हले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं परत येऊन त्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि लीलाबाईंना हाक मारली.

"मावशी, ह्यो चट्टा बघा. दर दोन तासानं कूस बदलावी लागती."

लीलाबाईंचं तोंड उतरलं. "मला कुणी सांगितलंच न्हाई गं. आता वैनींना सांगणार व्हय?"

"सांगायलाच पायजे. डॉक्टरला दाखवावं लागंल. पर तुमाला शिकवून जायचं माझंच राहिलं, तेबी सांगीन."

मग नाइलाजानं ती म्हणाली, "ते कानडी परत सांगा की."

दिवस मावळायच्या आत आप्पांचं जेवण झालं. रेश्मानं अडखळत कानडीत विचारलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तिचा उच्चार सुधारला, दोनदा.

चट्टा आठवड्यात गेला. लीलाबाई मिरजेच्या एका घरी कामाला लागल्या. रविवारी त्यांचा फोन येतो. रेश्मा तो आप्पांच्या कानाला धरते, ते खदखदून हसतात आणि तिला अजून जळायला होतं. तरी बोलणं संपेपर्यंत ती हात हलवत नाही.