दुसरं कापड

आमच्या बाईंना मुली घालवायची विलक्षण घाई असे. शिकवणारी माणसं मुलांत जीव गुंतवतात, निरोपाच्या दिवशी डोळे पुसतात. बाईंचं सगळंच उलटं. गोव्यातल्या पाळी गावच्या सरकारी शिवणकेंद्रात मुलगी दाखल झाली, की तिला मशीनचं चाक फिरवायला देण्याआधी बाई विचारत, "तूं केन्ना वतलें गो?" तू जाणार कधी? नवी मुलगी बिचारी बावचळून आमच्याकडे बघायची. आम्ही जुन्या मुली हसायचो, कारण हा प्रश्न आम्हीही ऐकलेला असायचा.

बाई जवळच्या आमोणे गावच्या. भावाच्या घरी राहायच्या, लग्न केलं नव्हतं. सकाळच्या बसनं यायच्या. खनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि बस अडकली, की मुकाट्यानं उतरून छत्री उघडून चालू लागायच्या. केंद्रात पोचेपर्यंत पायांपासून गुडघ्यापर्यंत लुगडं तांबडं झालेलं असायचं. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि आम्हालाही धुवायला लावायच्या. शिकायला त्या फक्त पांढरं मांजरपाट देत. आमच्या गावात पांढऱ्यावर बोट टेकलं तरी तांबडा ठसा उठतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांना तेच हवं होतं. पंधरा दिवसांत आमचे हात इतके स्वच्छ झाले, की घरी आई संशयानं बघू लागली, ही हल्ली भांडी घासते की नाही.

केंद्र म्हणजे पंचायतीमागची एक खोली आणि सहा मशिनी, त्यातली एक कायम आजारी. बेरोजगार मुलींना हाताला काम मिळावं म्हणून सरकारनं काढलेली योजना होती. वर्षभर शिकायचं, महिन्याला थोडं विद्यावेतन, आणि शेवटी बाईंनी शिफारस केली की अनुदानावर मशीन. त्या योजनेचा एक नियम मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता: पटावर बारा मुली असल्याच पाहिजेत. अकरा झाल्या आणि बारावी मिळाली नाही, तर केंद्र बंद. बाईंची नेमणूक केंद्रापुरती, वर्षावर्षानं वाढवलेली. केंद्र गेलं की बाईंची नोकरीही गेली, इतका सरळ हिशेब होता.

हे माहीत असून बाईंनी स्वतःचा म्हणून एक कायदा केला होता. मुलीनं नात्यातल्या नसलेल्या एखाद्या बाईकडून कापड आणायचं, माप घ्यायचं, शिवून द्यायचं. तेवढ्यानं काही सिद्ध होत नसे. तीच बाई आपल्या पायांनी दुसरं कापड घेऊन आली, की मुलगी पास. "पयलें कापड काकुळटीन येता," बाई म्हणत, म्हणजे दयेपोटी. "गरिबाची चली, शिकता, दी तिका. दुसरें कोण दिना काकुळटीन." दुसरं कापड आलं की त्याच दिवशी बाई पटावरचं नाव काढून टाकायच्या आणि मशीनची शिफारस लिहायच्या. मग सहा महिने झालेले असोत की चार. मुलींच्या आया भांडायला यायच्या, वर्षाचं विद्यावेतन मध्येच का तोडता म्हणून. बाई त्यांना पाणी द्यायच्या, बसवून घ्यायच्या, आणि नाव काही परत घालायच्या नाहीत.

माझं नाव त्या पटावर चढलं तेच मुळी बाईंच्या डोक्यामुळे. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. वडील पाळीच्या खाणीवर मजूर. योजनेसाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला हवा होता आणि खाणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसाकडे कसला कागद असणार? शाळेच्या दाखल्यावरून तेराच वर्षं निघत होती. मी रडत बसले होते. बाईंनी विचारलं, "तुजो धाकटो भाव खंय जल्मलो?" मी म्हटलं, हयंच, पाळयेत. "पिराय कितली?" वय सोळा. बाईंनी छत्री उचलली आणि माझ्याबरोबर डिचोलीच्या मामलेदार कचेरीत येऊन भावाचा जन्मदाखला कारकुनापुढे ठेवला. माझ्या भावाच्या जन्मावरून माझं गोवेकरपण सिद्ध झालं. भाऊ अजून त्याचं श्रेय घेतो.

भाषेचं आंदोलन पेटलं त्या दिवसांत केंद्रातही दोन तट पडले. निम्म्या मराठीवाल्या, निम्म्या कोकणीवाल्या. बोलणं बंद, कातर मागायची तर खुणेनं. गंमत म्हणजे भांडताना सगळ्या एकाच बोलीत भांडत होतो. बाईंनी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी जोड्या लावल्या, ह्या तटातली एक आणि त्या तटातली एक, आणि एकमेकींची ब्लाउजची मापं घ्यायला सांगितली. आता छातीचं माप न बोलता कसं घेणार? हात वर कर, श्वास सोड, गुदगुल्या होतात, मेले हलू नको. दुपारपर्यंत सगळ्या हसून लोळत होतो. बाई स्वतः कोणत्या बाजूच्या होत्या, हे आम्हाला गोवा राज्य झाल्यावरही कळलं नाही.

पण त्यांचा खरा दरारा मला वाटू लागला तो ताडपत्रीच्या वेळी. अभ्यासक्रमात होते फ्रॉक, परकर, झबली. बाईंनी पावसाआधी आमच्या हातात दाभण दिलं आणि ताडपत्र्या शिवायला बसवलं. पावसाळ्यात खाण बंद असते, ट्रक घराघरांशेजारी उभे असतात, त्यांच्यावर घालायच्या ताडपत्र्या शिवून, ठिगळं लावून घ्यायला मालक थेट म्हापशाला जात. आता ते आमच्याकडे येऊ लागले. नेमके तेव्हाच तपासणीला साहेब आले. खोलीभर पसरलेली ताडपत्री आणि तिच्यावर बसलेल्या आम्ही बघून ते म्हणाले, "बाई, हें अभ्यासक्रमांत खंय आसा?"

बाई उठल्यासुद्धा नाहीत. "सायबा, गांवांत एक भोंवडी मारून येयात. फ्रॉक घालपी भुरगीं कितलीं आनी ट्रक कितले, मेजून सांगात. मागीर तुमी सांगतले तें शिकयतां."

साहेब पोरं आणि ट्रक मोजायला गावात गेले नाहीत, पण त्यांनी चहा घेतला आणि शेरा न लिहिता परत गेले. मी बाईंकडे बघतच राहिले. सरकारी माणसापुढे आमचे वडील उभे राहताना टोपी काढत. ही बाई ताडपत्रीवर बसून सरकारला सांगत होती, की आधी गाव बघ आणि मग योजना कर. त्या दिवसापासून ट्रकवाल्यांनी त्यांचं नाव ताडपत्रीबाई ठेवलं.

अशा बाई कितीशी वर्षं टिकणार? ज्यांना शिकायचं होतं त्या गावातल्या बहुतेक मुली शिकून बाहेर पडल्या. नव्या यायच्या थांबल्या. पट घसरत घसरत बरोबर बारावर आला, आणि त्या बारांत मी होते. नेमकं तेव्हाच रुक्मिणीवहिनी, आमच्या शेडपलीकडे राहणाऱ्या एका ड्रायव्हरची बायको, जिचं पहिलं पोलकं मीच शिवून दिलं होतं, दुसरं कापड घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

मी ते कापड ट्रंकेत तळाशी घातलं आणि केंद्रात चकार शब्द काढला नाही. रोज जाऊन बसत होते, येत असलेल्या गोष्टी न आल्यासारख्या करत होते. मला वाटत होतं मी फार मोठं काम करतेय. पटावर एखादी तेरावी मुलगी मिळेपर्यंत एवढंच करायचं होतं. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी वहिनी केंद्राच्या दारात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माजें दुसरें पोलकें जालें काय गो?"

खोलीतल्या मशिनी थांबल्या. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कितले दीस जाले?"

"पंधरा."

"आनी तूं सदांच येवन बसता हांगा? कित्याक?"

"बाई, मी गेलंय तर अकराच रवतली," मी कशीबशी म्हटलं. "केंद्र बंद पडतला. मगे तुमी काय करतल्यात?"

बाईंचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. "म्हाका सांबाळूंक सरकार तुका विद्यावेतन दिता काय गो?"

मग त्या टेबलाकडे गेल्या, पट उघडला आणि माझ्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. शिफारसपत्र लिहिलं, वाळवलं, माझ्या हातात दिलं आणि वहिनीला म्हणाल्या, "आयतारा मेळटलें तुजें पोलकें." मी रडत घरी गेले. मला बाईंचा राग आला होता, हे कबूल करायला हवं. स्वतःच्या पोटावर अशी पट्टी लावून रेघ मारणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि पुढेही पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी मशिनी न्यायला टेंपो आला. उरलेल्या मुलींना साखळी गावातल्या केंद्रात जायला सांगितलं होतं. मी मुद्दाम गेले होते. साहेबांनी बंद करण्याच्या कागदावर कारण लिहिलं, प्रतिसादाअभावी. मी ते वाचलं आणि माझं डोकं सणकलं. पाळीत त्या वेळी घरटी एक तरी बाई शिवत होती. शाळेचे गणवेश गावात, ताडपत्र्या गावात, लग्नाचे ब्लाउज गावात. मी साहेबांना फटकन म्हटलं, "प्रतिसाद बघायचा असेल तर आमच्या अंगावर बघा!" साहेब गोरेमोरे झाले. बाईंनीच मला मागे ओढलं, लिहू दे म्हणाल्या. "बरोवंदी. ताच्या कागदार जागो तितलोच आसा." आणि त्यांनी त्या कागदावर सही केली, नेहमीसारखी, पूर्ण नाव लिहून.

बाईंना पेन्शन नव्हती, कारण नेमणूक तात्पुरती. आमोण्याला भावाच्या शेतात राबतात असं कानावर यायचं. मी अनुदानाच्या मशीनवर सुरुवात केली, लग्न झालं, पुढे डिचोलीच्या बाजारात दुकान टाकलं, हाताखाली चार बायका ठेवल्या. एका बुधवारी, बाजाराच्या गर्दीत, बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. केस पूर्ण पिकलेले, भिंगं जाड झालेली. मी धावत जाऊन पाया पडले, खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुका शिंवपाक कोण जाय काय?" शिवायला कोणी हवंय का?

मला आधी समजलंच नाही. समजल्यावर मी घरून डबा पाठवते म्हटलं, महिन्याला काहीतरी देत जाईन म्हटलं. बाईंनी ते ऐकलंच नाही. "काम आसा काय ना, इतलें सांग." काम होतं. जूनच्या गणवेशांची रास पडली होती. बाई पाचव्या मशीनवर बसल्या.

दुकानाचा रिवाज असा, की शिवून झालेली प्रत्येक वस्तू माझ्या टेबलावर यायची, मी उलटसुलट बघायची आणि मगच घडी घालायची. चार वाजता बाईंनी एक गणवेश आणून ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या. मी न उलगडताच म्हटलं, "बाई, तुमचं काय बघायचं?"

"हेरांचें पळयता न्हू?"

"हो, बाकीच्यांचं बघते."

"मागीर?"

मी उलगडला. उजव्या मुंढ्याला, बाही जोडतात तिथे, शिवण ओढली गेली होती, चांगली बोटभर चुणी पडली होती. नजर गेली होती बाईंची. मनात आलं, घडी घालावी, घरी नेऊन आपणच नीट करावी, कोणाला कळतंय? चारही बायका माझ्याकडे बघत होत्या. बाईसुद्धा बघत होत्या, हात पुढे बांधून. 

"मुंढा उसवावा लागेल, बाई."

बाईंनी गणवेश डोळ्यांजवळ नेला, शिवणीवरून बोट फिरवलं. "आसा गो, चुणी आसा," म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन टाके काढू लागल्या. मी एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते आणि टेपवरचे आकडे मला दिसत नव्हते.

पाच वाजता गणवेश परत आला. मुंढा सुरेख बसला होता, तसं मी सांगितलं. बाईंनी मान हलवली, डबा आणि छत्री घेतली, पायरी उतरल्या आणि वळून मला उद्याची वेळ विचारली, "फाल्यां कितल्याक येवं?"