एकाच बोटाचं रक्त

सत्तर सालानंतरची काही वर्षं मी खालापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात रक्त तपासायच्या कामावर होते. हिवताप परत डोकं वर काढत होता. गावोगाव फिरून, ताप असलेल्यांच्या बोटाला टोचून काचेवर रक्त घेणारे एक कर्मचारी आमच्याकडे होते. माझ्या वडिलांच्या वयाचे, लोधिवलीकडचे, शेतकरी घरातले. ते काचा आणून द्यायचे, मी त्या रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची.

एकदा पाऊस संपता संपता त्यांनी डोंगरातल्या एका वाडीच्या बारा काचा आणल्या. अकरा काचांत जंतू होते, पण सगळ्या एकसारख्या. नेहमीच्या हिवतापात लहानमोठे सगळे जंतू दिसतात, पेशी फुगलेली असते, तिच्यावर गुलाबी ठिपके उठतात. इथे नुसत्या बारीक अंगठ्या, म्हणजे अगदी कोवळे जंतू. वाढलेला जंतू एकही नाही. बारावी काच साफ होती, आणि ती काच ज्या बाईची, नेमकं तिच्याच नावापुढे यादीत त्यांनी लिहिलं होतं, ‘ताप फार, उठत नाही.’

काचांचा आकडा भरायला एकाच माणसाचं रक्त सगळ्या काचांवर लावतात, असं मी ऐकून होते. डोंगर चढायचा कंटाळा केला असणार, असं मनात पक्कं झालं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते कर्मचारी दारात उभं राहून ऐकत होते, हे मला माहीत नव्हतं.

“बाई,” ते म्हणाले, “मी खोटं केलेलं नाय. तुमी चला माझ्यासंगं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चढलो. ते पुढे, मी मागे. मी वाटभर त्यांच्या पिशवीकडे बघत होते, आधीच रक्त लावलेली एखादी काच बाहेर काढतील म्हणून. वाडीत बायकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक म्हणाली, “आता हिला पण आणली? रगत नेता, ते करता काय त्याचं?”

घराघरांत माणसं घोंगडी घेऊन पडली होती. ती आजारी बाई शेवटच्या झोपडीत होती. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. मी स्वतः तिच्या बोटाला टोचलं. मग आम्ही बांबूला चादर बांधून, चौघांच्या खांद्यावर तिला खाली आणलं. डॉक्टरांनी सलाईनमधून औषध सुरू केलं.

तिची काच मी तास-दीड तास बघितली. दोन अंगठ्या सापडल्या.

“हा मलेरियाचा वाईट प्रकार,” डॉक्टर म्हणाले. “जंतू वाढायला लागला की पेशीच्या आत बसून स्वतःचं काहीतरी तिच्या बाहेरच्या कातडीपर्यंत पोचवतो. तिथे बारीक गाठी येतात, पेशी रक्तवाहिनीला चिकटून बसते. मग बोटाच्या रक्तात कोवळे तेवढे मिळतात. मोठे आत दडलेले असतात, मेंदूतसुद्धा.”

“काय पोचवतो?”

“ते अजून शोधतायत.”

मी त्या माणसावर नजर ठेवून होते, आणि लबाडी चालली होती त्या बाईच्या रक्तात.

चौथ्या दिवशी ती उठून बसली, पेज मागितली. वाडीतल्या सगळ्यांना औषध पोचलं. मी डॉक्टरांपुढे माझी तक्रार मागे घेतली आणि त्या कर्मचाऱ्यांना म्हटलं, “माझं चुकलं.”

“असू द्या,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ओलावाही नव्हता.

त्यानंतर काचा आणल्या की ते टेबलाशी उभे राहायचे. मी पहिली काच बघून होईपर्यंत हलायचे नाहीत. मग विचारायचे, “बरोबर हाय ना?” माझी बदली होईपर्यंत हे चाललं. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.