हुकमाबाहेरचा पाय

साताऱ्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. चटका बसला की हात आधी मागं येतो आणि भाजल्याचं मेंदूला नंतर कळतं, कारण तो निर्णय पाठीतला मज्जारज्जू परस्पर घेतो. हे मुलांना फार आवडतं. मलाही शिकवायला आवडायचं.

गेल्या हंगामात थोरल्या भावाच्या अंगावर उसाची ट्रॉली कलंडली. सैन्यातून निवृत्त होऊन तो सांगलीकडं गावी शेती बघत होता. मज्जारज्जू पाठीच्या मधोमध तुटला. कमरेखाली काही कळत नाही, काही हलत नाही. मी रविवारी एसटीनं जाऊन येतो.

काही महिन्यांनी वहिनीनं मला दारातच गाठलं.

"भावजी, पाय हलला ह्यांचा! तळव्याला तेल चोळलं की झाडत्यात. बगा तरी."

तिनं मला खाटेपाशी नेलं आणि दादाच्या तळव्यावर बोट फिरवलं. पाय झटक्यात गुडघ्यात दुमडला.

"आवं, लय जोर आलाय की आज!"

"पेन्शनीतला पाय हाय," दादा म्हणाला. "मर्जीनं परेड करतोय."

वहिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. अपघातानंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

मी चाकांच्या खुर्चीचा विषय काढला, तर म्हणाली, "आता कशाला? चालत्यालच की."

खुर्चीशिवाय दादा खाटेलाच खिळून राहिला असता, म्हणून मी स्वयंपाकघरात तिला समजावलं. तळव्याचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच माघारी फिरतो. तुटल्या जागेच्या वर, मेंदूकडं, तो पोचतच नाही. दादाला तेल लागल्याचं कळत नाही, पाय हलल्याचंही नाही. मी वर्गातल्या आवाजात बोलत होतो. समजावून सांगण्याचा मला आनंदही होत होता, हे मला विसरता येत नाही.

"म्हंजे ते हलवत न्हाईत?"

"नाही, वहिनी."

तिनं हातातली तेलाची वाटी फळीवर ठेवली. "आणा मग खुर्ची."

खुर्ची आली. तेल लावणं थांबलं.

"तिला काय सांगितलंस?" दादानं पुढं एका रविवारी विचारलं. मी सांगितलं.

"मला दवाखान्यातच समजलं हुतं रं. वरनं हुकूम जात न्हाई, पाय आपल्या मनानंच उडतोय."

"मग तिला का नाही बोललास?"

"सांजच्याला घटकाभर पायाशी बसायची. गावातलं सांगायची, हसायची. आता ताट ठेवती आन् जाती."

फळीवरची वाटी आणून मी त्याच्या पायाशी बसलो आणि तळव्यावर अंगठा फिरवला. पाय झटकन दुमडला. आम्ही दोघांनीही स्वयंपाकघराकडं बघितलं. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही.