गॅस कमी झालाय

मार्च लागला की आमच्या अकोल्यात एसीवाल्याला बोलवावं लागतं, आणि तो आला की मी त्याच्याजवळून हलत नाही. यंदाही तो स्टुलावर चढला, जाळ्या काढल्या, धुतल्या. मग बाल्कनीतल्या युनिटला घड्याळासारखं मीटर लावून म्हणाला, "साहेब, गॅस कमी झालाय."

दर वर्षी हेच. बंद नळीतला गॅस जातो तरी कुठे? आम्ही तर काही तो ओढून घेत नाही! त्याने मीटरचा काटा दाखवला. मी मान डोलावली. काटा कुठे असायला हवा हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला की आपण अशीच मान डोलावतो. आपल्याच घरात, आपल्याच छातीत काय चाललंय, ते दुसऱ्याने सांगायचं आणि आपण हो म्हणायचं.

गॅस भरून त्याने एसी लावला. "हात धरा. आहे ना गार?"

गार होतं. पण मघाशी नव्हतं का? आता मला माझ्या हाताचाही भरवसा वाटेना.

"तुमच्या घरी कोणता एसी आहे हो?" मी जरा खोचकपणेच विचारलं.

"आमच्याकडे कूलर आहे," पाने-पक्कड पिशवीत टाकत तो म्हणाला. "पाणी संपलं की दिसतं, वाळ्याची ताटी कुजली की वास येतो. कोणाला विचारावं लागत नाही."