मोजणावळ द्यायची नाही

काउंटरवर पिशवी ठेवायची तिची एक पद्धत होती. आधी ती जाळीतून माझ्याकडे बघायची, मी बघतोय याची खात्री करून घ्यायची, आणि मग ती खाकी पिशवी दोन्ही हातांनी उचलून अशी आदळायची की मागच्या टेबलावर आमचे हेडकॅशिअर चहाचा कप सावरायचे. मग म्हणायची, “मोज गा बाबू. मले घाई नाही.”

घाई मला असायची. मागे रांग, समोर चिल्लरचा ढीग, आणि ती जाळीला नाक लावून माझ्या बोटांकडे बघत उभी. तुम्ही कधी कुणाच्या नजरेखाली चौकोनी पाच पैसे मोजले असतील तर तुम्हाला समजेल. नाही मोजले तर सुखी आहात.

उमरेडहून बदली होऊन मी नागपूरच्या उत्तरेकडच्या त्या शाखेत कॅशवर आलो तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. बँकेच्या मागेच तिची वस्ती. छप्पन साली दीक्षा घेतलेली सगळी घरं. तिची हयात मिलच्या रिलिंग खात्यात सूत गुंडाळण्यात गेली होती आणि आता ती फंड घेऊन घरी बसली होती. बसली असं आपलं म्हणायचं. वस्तीत नळाला पाणी आलं नाही की ती उठायची, कुणाच्या पोरीची शाळा मधेच सुटली की ती उठायची, आणि महिन्यातून एकदा पिशवी घेऊन आमच्याकडे यायची.

त्या पिशवीत वस्तीची अभ्यासिका होती. एकेका खोलीत सगळं घरदार, त्यात मुलांनी मॅट्रिकचा अभ्यास करायचा कुठे? म्हणून प्रत्येक घरात चुलीशेजारी एक डबा ठेवलेला. संध्याकाळी आधी डब्यात पाच पैसे, मग ताटात भाकर. महिनाअखेर ज्या त्या घरानं आपली चिल्लर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिची पुंगळी करायची, खळीनं चिकटवायची, वर पेन्सिलीनं आडनाव लिहायचं. या पुंगळ्या पिशवीत, पिशवी माझ्यापुढे, आणि पैसे वस्तीच्या कमिटीच्या खात्यात. कोपऱ्यावरचा एक प्लॉट इतवारीतल्या एका शेठजीनं त्यांना द्यायचं कबूल केलं होतं. अर्धे पैसे पोचले होते. उरलेल्या पैशांचा बँकेचा ड्राफ्ट मार्चअखेर मिळाला नाही, तर प्लॉट लाकडाच्या वखारीसाठी एका टालवाल्याला जाणार होता. टालवाला रोख घेऊन तयारच होता, रोज संध्याकाळी येऊन प्लॉटभोवती एक चक्कर मारून जायचा.

तिचं एक पालुपद होतं. “कुठं लिवलं हाय, दाखव.” रांगेत एखादा व्यापारी आला आणि चपराशी म्हणाला, बाई बाजूला व्हा, शेटजींना घाई आहे, की ही म्हणायची, “शेटले आधी सोडाचं, हे कुठं लिवलं हाय ते दाखव.” चपराशी काय दाखवणार? ते शेटजी मुकाट्यानं तिच्या मागे उभे राहायचे आणि ती त्यांच्याशी उन्हाळ्याबद्दल गोड बोलायची. मला ते दृश्य फार आवडायचं. कॅशिअरला तोंड उघडून हसता येत नाही, एवढीच अडचण.

मग नवे मॅनेजर आले. अंगानं बारीक आणि नियमानं जाड. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. चिल्लरचा त्रास खरा होता. तिजोरीत पोती साठलेली, वरचं ऑफिस ती उचलत नाही, गिऱ्हाईक ती घेत नाही, आणि ॲल्युमिनियम मोजून आमची बोटं जेवणाच्या सुट्टीत चार वेळा धुऊनही काळीच. साहेबांनी आपल्या अखत्यारीत एक नोटीस टाइप करून भिंतीवर चिकटवली. भरणा करणाऱ्या प्रत्येकाची शंभरपर्यंत नाणी विनामूल्य. त्यावर दर शंभर नाण्यांना पंचवीस पैसे मोजणावळ.

त्या महिन्यात ती आली आणि पिशवी आदळली. मी नोटिशीकडे बोट दाखवलं. या खेपेला लिहिलेलं होतं, त्यामुळे मला जरा जोर होता.

“वाच,” ती म्हणाली.

मी वाचली. “पुन्हा वाच.” पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा तिनं मला जाळीबाहेर बोलावून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी वाचायला लावली. मग पिशवी उचलून ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरली, आणि तिथली एक सही हवी आहे असं दाखवत मी मागोमाग.

“साहेब, चार आने म्हंजे पाच घरांचे पैशे. कोनत्या पाच घरांचे काढू? नावं सांगा.”

साहेब म्हणाले, “बाई, नियम सगळ्यांना सारखा आहे. तुमच्यासाठी कसा बदलू?”

“वस्तीचा पैसा हाय. माहा असता तर मी देल्ली असती मोजनावळ. दुसऱ्याच्या डब्यातला पैसा मी तुमाले कशी देऊ?”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग खरोखरच चांगुलपणानं म्हणाले, “ठीक आहे. तुमची मोजणावळ मी माझ्या खिशातून भरतो.”

मला वाटलं, सुटलं एकदाचं. तिचा चेहरा मात्र असा बदलला की मी सहीचा कागद मागे लपवला.

“तुमचा खिसा कोनी मागतला साहेब? माही माय किराना आनाले जाये, तर दुकानदार तिच्या पैशावर पानी शिपडे अन् मंग उचले. पैसा तवाही खरा होता. माय मान खाली घालून उभी राहे. मी पाह्यलं हाय ते, ह्या डोयानं. आता तुमी पानी शिपडत नाही, मोजनावळ लावता. अन् वरून दया करून राह्यले.”

आवाज चढलेला नव्हता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेबांना तसं म्हणायचं नव्हतं, हे तिलाही कळत असावं. पण न म्हणताही लागायचं ते लागतं, आणि लागलेलं बोलून दाखवायला तिला कुणाची परवानगी नको होती.

ती पिशवी घेऊन परत गेली. पुढच्या महिन्यातही पिशवी आली नाही. एक किराणावाला काही टक्के कापून सगळी चिल्लर घ्यायला तयार होता. त्यालाही तिनं वाटेला लावलं. “बँकेले नाही देल्ली, तर तुले काहून देऊ गा?” वस्तीतली पुरुषमाणसं कुरकुरू लागली. ती कमिटीच्या बैठकीत भांडली असं माझ्या कानावर आलं. एक जण तिला म्हणाला, तुझ्या अकडीपायी प्लॉट जाईल. त्यावर ती म्हणे चप्पल घालून घरी निघून गेली. ती न भांडता गेली, याची मला जास्त काळजी वाटली.

मार्चचा शेवटचा कामाचा दिवस. बँकेत मार्चअखेर म्हणजे काय ते बँकवाल्याच्या बायकोला विचारा. दार उघडलं आणि बायका आत येऊ लागल्या. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोरं घेतलेल्या. प्रत्येकीच्या हातात आपापली पुंगळी, कुणाकडे शंभरावर नाणी नाहीत. प्रत्येकीनं वेगळी स्लिप मागितली. खातं मात्र सगळ्यांचं एकच, वस्तीच्या कमिटीचं. सगळ्यात पुढे ती उभी. तिच्याही हातात एकच पुंगळी.

“मोज गा बाबू. विनामूल्य हाय.”

मी मोजायला लागलो. प्रत्येक पुंगळी फोडायची, मोजायची, स्लिप भरायची, सही घ्यायची, शिक्का मारायचा. प्रौढ वर्गात सही शिकलेल्या बायका अंगठा द्यायला तयार नव्हत्या. एकेक अक्षर ओढून, मागे होऊन, बघून मग पुढचं. रांग दारातून बाहेर, बाहेरून रस्त्यापर्यंत. व्यापारी, मास्तर, पेन्शनवाले सगळे अडकले. कुणी चिडलं, कुणी हसलं. आमचे हेडकॅशिअर चहा प्यायचं विसरले.

बारा वाजून गेले तेव्हा साहेब बाहेर आले. “बाई, सगळ्या पुंगळ्या एकदम द्या. मोजणावळ माफ.”

“माफ काहून? आमी गुन्हा केला हाय का? तो कागद काढा भितीवरचा.”

“तो मला असा काढता येणार नाही.”

“तर आमी रांगेत हाओ.”

दोनला कॅश बंद होते. दोनच्या आत पैसे जमा झाले नाहीत तर ड्राफ्ट नाही, आणि ड्राफ्ट नाही तर प्लॉट टालवाल्याचा. मी जाळीतून हळूच म्हणालो, “बाई, साहेब माफ करतात ना, घ्या. वेळ निघून चाललाय. इतक्या वर्षांची मेहनत जाईल.”

तिनं घड्याळाकडे पाहिलं. ती घाबरली होती, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण पुढे वस्तीत ही गोष्ट सांगताना तिला वाघीण करून टाकतात. घाबरलेल्या बाईनंच मागे वळून विचारलं, “काय वं, माफी घ्याची का?”

रांगेच्या मधून एक वाकलेली म्हातारी म्हणाली, “माहा नंबर येऊ दे. मंग बोलू.” रांगेतलं एकही पाऊल हललं नाही.

साहेब भिंतीजवळ गेले. नोटीस डिंकानं पक्की बसवलेली, सरळ निघेना. त्यांनी नखांनी ती खरवडून काढली. तुकडे खाली पडले ते चपराशी उचलायला आला, तर त्याला म्हणाले, “राहू दे, आधी मोजायला बस.” कोट खुर्चीला टांगून ते स्वतः माझ्या शेजारी बसले. सगळ्या टेबलांवर पुंगळ्या फुटू लागल्या. दोनला चपराशानं दार लावलं, पण आतल्यांना आत ठेवून. बायका जमिनीवर बसून पोरांना पाणी पाजत होत्या. ती मात्र उभीच होती, एका टेबलावरून दुसऱ्यावर, सगळ्यांच्या बोटांकडे बघत.

ड्राफ्ट झाला. सही करताना साहेबांच्या अंगठ्याचा काळा ठसा कोपऱ्यात उमटला. ते दुसरा करतो म्हणाले. ती म्हणाली, “असू द्या. तुमी मोजले हे दिसू द्या.” शेठजीनं डागाबद्दल जरा नाक मुरडलं आणि ड्राफ्ट घेतला. टालवाल्यानं पुढच्या चौकात जागा पाहिली.

अभ्यासिका दोनेक वर्षांत उभी राहिली. टिनाचं छप्पर, लांब बाकं, उशिरापर्यंत दिवे. उद्घाटनाला देणगीदारांच्या नावांचा दगड लावायची टूम निघाली तेव्हा ती उठलीच. “ज्यानं येकच दिवस पैसा टाकला अन् मंग मेला, त्याचं नाव लिवान का? मंग कोनाचंच नोको.” दगड लागला नाही. त्यामुळे मीही इथे तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं असतं तर तिनं विचारलं असतं, हे कोनाले इचारून.

ती गेली तेव्हा मी दुसऱ्या शाखेत होतो. ऐन परीक्षेचे दिवस होते. निरोप मिळाला तसा सायकल काढून आलो. वस्तीतून अंत्ययात्रा निघाली आणि कोपऱ्यावर अभ्यासिकेपाशी आली, तिथे तिरडी खाली टेकवली, तेव्हा आतली पोरं-पोरी पुस्तकं मिटून दारात येऊन उभी राहिली. कुणी तरी म्हणालं, आज बंद ठेवा. त्या दिवशी रांगेतून बोललेली वाकलेली म्हातारी काठी टेकत पुढे झाली. रडून तिचा आवाज बसला होता.

“बंद काहून? पेपर हाय ना उद्या?” ती म्हणाली. “जा, बसा आपल्या जाग्यावर.”

पोरं आत गेली. आम्ही तिथे थांबलो होतो, बाकं सरकल्याचे आवाज ऐकत. सगळे बसल्यावर मग तिला उचललं.