तिसऱ्या वळणाचं पाणी

समजा, तुमच्या हातात आगीचा बंब दिला आणि सांगितलं, की मोटारसायकलींच्या शर्यतीचा मातीचा ट्रॅक भिजवा. आग विझवण्यापेक्षा सोपं वाटेल. करून बघा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. मागे उभा असलेला फायरमन होजचं तोंड आभाळाकडे धरतो, म्हणजे पाणी पावसासारखं खाली येतं. गाडी जरा घाईत गेली, तर माती फक्त वरवर ओली होते आणि दुसऱ्याच फेरीला धुरळा उठतो. जरा रेंगाळली, तर चिखल. आणि एकदा वळणात शिरलात की मध्ये थांबायचं नाही. थांबलात, तर तिथे डबकं आणि पुढे कोरडं.

हे मला नाथामामांनी सांगितलं. नाथामामा आमच्या गल्लीत राहतात. मूळचे सिन्नरकडचे, अग्निशमन दलात तेवीस वर्षं बंब चालवून निवृत्त झाले. आगीबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत उरकतात. तिसऱ्या वळणाबद्दल विचारलं तर चहा दोनदा गार होतो.

गोष्ट २००३ सालची. प्रजासत्ताक दिन रविवारी आला होता. गंगापूर रोडच्या पुढे, मळ्यांच्या पलीकडे मोकळ्या जमिनीवर एक मंडळ मोटारसायकलींच्या शर्यती भरवायचं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की शर्यतीबरोबर ‘रक्षक सन्मान दिन’ही करायचा. सैनिक, अग्निशमन दलाचे जवान आणि दवाखान्यातल्या परिचारिका यांचा सत्कार. पत्रिका छापल्या, खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. पहिल्या रांगेत नाथामामांचीही खुर्ची होती.

मामांना खुर्ची हवी होती ती सत्कारासाठी नाही. त्यांच्या बहिणीचा, सखुबाईंचा मुलगा योगेश त्यांच्याकडेच राहायचा. सातपूरला लेथवर कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरायचा. गाडी चालवायला त्याला मामांनीच शिकवलं होतं. पण तीन वर्षांत मामांनी त्याची एकही शर्यत पुरती पाहिली नव्हती, कारण ट्रॅक भिजवायला बंब मामांचाच यायचा आणि शर्यत सुरू झाली की मामा पाणी भरायला विहिरीवर. या खेपेला भिजवणं उरकून अंतिम फेरी खुर्चीत बसून बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं. योगेशने त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती: “मामा, तिसरं वळण तेवढं सारखं भिजवा. बाकीचं मी बघतो.”

सत्कार दहा वाजता होता. मामा साडेनऊला इस्त्रीचा गणवेश घालून खुर्चीत बसले. दहा मिनिटांनी एक कार्यकर्ता आला आणि म्हणाला, काका, प्रमुख पाहुण्यांना उशीर होतोय, तोवर जरा ट्रॅक भिजवता का? मामा उठले. शेजारच्या खुर्चीत देवळालीहून आलेले निवृत्त सुभेदार खंडेराव होते. त्यांना, तुम्हाला शिस्तीची सवय आहे म्हणून, गाड्यांच्या पार्किंगवर उभं केलं. प्रतिभा सिस्टरांना प्रथमोपचाराची पेटी देऊन तिसऱ्या वळणावर पाठवलं. ज्यांचा सत्कार, त्यांच्याच हाती कामं. पहिल्या रांगेत मग आयोजकांची नातेवाईक मंडळी बसली.

पावणेबारापर्यंत प्राथमिक फेऱ्या उरकल्या. योगेश अंतिम फेरीत आला. मामांनी बंब भरून आणला आणि शेवटचं भिजवणं सुरू केलं. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर असताना लाउडस्पीकर बोलला, की पाहुणे आले आहेत, अग्निशमन दलाच्या बांधवांनी त्वरित व्यासपीठावर यावं. मामांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकून सोडून दिलं. पुन्हा पुकारा झाला. मग दोन कार्यकर्ते हातात गुलाब घेऊन बंबाच्या समोरच आडवे उभे राहिले.

मामांनी ब्रेक दाबला. मागे त्यांचा फायरमन झुंबर होज धरून उभा होता. झुंबर आजही शपथेवर सांगतो की त्याने पाणी तत्क्षणी बंद केलं. मामांना मात्र आरशात अजून पडणारं पाणी दिसल्याचं आठवतं. किती वेळ, ते आठवत नाही, कारण तेवढ्यात कार्यकर्त्याने दार उघडून त्यांचा हात धरला होता.

मामा म्हणाले, हे वळण पुरं करू द्या, दोन मिनिटं लागतील. कार्यकर्ता हसला.

“काका, आज तुम्ही पाहुणे. आज काम करायचं नाय.”

सकाळपासून त्यांनी पाच वेळा ट्रॅक भिजवला होता.

व्यासपीठावर फेटा बांधणारा माणूस जातीचा कसबी होता. एकेक घडी जपत बांधत होता. मामा मान वळवायला गेले की तो हनुवटी धरून सरळ करायचा. प्रतिभा सिस्टरांनाही वळणावरून बोलावून आणलं होतं आणि पेटी तिकडेच राहिली होती. त्यांनी शाल सावरत मामांना हळूच म्हटलं, “मी परत वळणावर पोचेपर्यंत कोणी पडू नका, असं माईकवर सांगायला सांगा.” पाहुण्यांनी सीमेवर, आगीत आणि रुग्णशय्येपाशी जागणाऱ्या हातांबद्दल वीस मिनिटं सांगितलं. त्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं, म्हणून भाषण संपताच, व्यासपीठावरूनच, त्यांनी झेंडा दाखवला. मामा अध्यक्षांना सांगत होते की तिसरं वळण अर्धं राहिलंय. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते.

अशा रीतीने नाथामामांनी योगेशची अंतिम फेरी पहिल्यांदाच सुरुवातीपासून पाहिली. ट्रॅकच्या पहिल्या चकरेत तो तिसरा होता, दुसरीत दुसरा. तिसऱ्या चकरेला चार गाड्या तिसऱ्या वळणात शिरल्या, कोरड्या भागातून धुरळ्याचा लोट उठला आणि पलीकडून तीनच बाहेर आल्या.

मामा फेट्यासकट धावले. पुढे प्रतिभा सिस्टर. योगेशचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. पेटी कोणी तरी सुरक्षित राहावी म्हणून मंडपात नेऊन ठेवली होती. सिस्टरांनी अंगावरची सत्काराची शाल काढली, तिची झोळी केली आणि त्याचा हात गळ्यात बांधला. त्या दिवशी त्या शालीचा तेवढाच उपयोग झाला, असं त्या नंतरही म्हणायच्या. तोवर आणखी दोन चकरा झाल्या आणि तीन गाड्यांनी जमिनीवरच्या सगळ्या खुणा मोडून टाकल्या. गाडी कुठे सुटली, ओल्यात की कोरड्यात, हे बघायला काहीच उरलं नाही.

योगेशचं हाड महिन्या-दीड महिन्यात जुळलं. शर्यत मात्र त्याने सोडली. कारण विचारलं तर डॉक्टरांना म्हणाला होता, घसरलो. आईला म्हणाला, धुळीत पुढचं दिसलं नाही. मामांना म्हणाला, “माझीच चूक होती मामा, सोडा आता.” या तिसऱ्या उत्तरावर मामांचा जराही विश्वास नाही. तो आपल्याला जपतोय, असं त्यांना वाटतं.

पुढच्या वर्षी पुन्हा पत्रिका आली. मामांनी उलट चिठ्ठी पाठवली, की सत्कार आधी करा नाही तर नंतर करा, भिजवताना करू नका. अध्यक्षांनी सूचना अत्यंत मोलाची असल्याचं कळवलं आणि दुसऱ्या वळणावर बंब थांबवून बंबालाच हार घातला. त्यानंतरच्या वर्षी त्या जमिनीवर प्लॉट पडले. मंडळाचं काय झालं कोणास ठाऊक.

मामांच्या घरात सत्काराचा फोटो भिंतीवर आहे. येणाऱ्याला वाटतं, अभिमानाने लावलाय. मामा त्या फोटोत स्वतःकडे बघतच नाहीत. फेटा बांधताना त्यांच्या खांद्यामागे ट्रॅकचा एक तुकडा आलाय. तिसरं वळण. अंधुक आहे, पण बंब थांबला होता त्याच सुमाराला एक काळा डाग दिसतो. मामा भिंग लावून तो डाग बघतात.

निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी फोटो चौकटीतून काढून माझ्याकडे दिला. मी तेव्हा डिप्लोमा करून सातपूरला एका ड्रॉइंग ऑफिसात लागलो होतो. ऑफिसच्या स्कॅनरवर फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर जमेल तेवढा मोठा केला. मंडप कुठे होता, सूर्य कुठे होता, सावली कोणीकडे पडेल, याचं गणितही मांडलं. पण मंडप नक्की कुठे होता ते मामांना आठवेना आणि जागेवर जाऊन मोजावं तर तिथे आता बंगले. डाग मोठा केला की नुसते ठिपके होत होते.

मी प्रिंट काढून नेली आणि जमत नाही म्हणून सांगितलं. मामांनी ती खिडकीशी धरली, चष्मा वर सरकवला.

“तू शिकलेला हायेस. झुंबरला विचारू नको, योग्याला विचारू नको. हे बघून तूच सांग. ही मंडपाची सावली हाय, का माझं पाणी?”